शनिवारी दुपारी तीन वाजता

ब्लेक मॉरिसन या इंग्रज कवीने १९९३ साली आपल्या वडिलांवर एक पुस्तक लिहिलं. ते सुरू होतं १९५९च्या सप्टेंबरातल्या एका शनिवारी, चेशरमधल्या एका रस्त्यावर. ऊल्टन पार्कला मोटारींच्या शर्यती आहेत, उकाडा आहे आणि गाड्यांची रांग जागची हलत नाही. मॉरिसनचे वडील डॉक्टर. त्यांना थांबणं सोसत नाही. ते गाडी रांगेतून बाहेर काढतात, स्टेथोस्कोप सगळ्यांना दिसेल असा ठेवतात आणि कुठे तरी पेशंट अत्यवस्थ असल्याच्या थाटात सगळ्यांना मागे टाकून पुढे जातात. खिशात तिकिटं आहेत ती स्वस्तातली. तीही महागड्या जागेसाठी खपवायची आहेत. गाडीत बसलेला मुलगा शरमेने सीटवर खाली खाली सरकतो.

इंग्रजी पितृचरित्रं आणि आठवणींची पुस्तकं वाचणाऱ्याला हे दृश्य ओळखीचं वाटेल. बाप, मुलगा, कुठला तरी खेळ आणि वाटेत आडवी आलेली एखादी क्षुल्लक अडचण: रांग, पाऊस, उशिरा आलेली आगगाडी, बंद फाटक. अशा पुस्तकांचा अनुवाद करताना माझी सर्वांत जास्त अडवणूक करणारा शब्द ‘फ्रस्ट्रेशन’. मराठीत त्यासाठी शब्द कमी नाहीत. वैताग आहे, चरफड आहे, जळफळाट आहे, त्रागा आहे. पण त्रागा करणारा माणूस निदान आवाज तरी करतो. इंग्रज बापाचा वैताग ओठांच्या आत राहतो, तिथेच वर्षानुवर्षं मुरतो आणि शनिवारी दुपारी एका ठरावीक जागी, ठरावीक वेळी बाहेर येतो. त्यातल्या त्यात ‘धुसफूस’ जवळचा वाटतो. तरी शनिवार का आणि तीनच का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी कापसाच्या गिरण्यांकडे जावं लागतं.

औद्योगिक क्रांतीच्या आधीचा इंग्रज कारागीर आपल्या मर्जीने काम करायचा. आठवड्याच्या शेवटी रात्र रात्र जागून माल पुरा करायचा, रविवारी प्यायचा आणि सोमवारी उठायचाच नाही. या अघोषित सुट्टीला थट्टेने ‘संत सोमवार’ म्हणत, जणू पंचांगातला एखादा सणच. वाफेच्या यंत्राला असला संत परवडणारा नव्हता. गिरणी सोमवारी सकाळी भोंग्यासरशी सुरू व्हायला हवी होती. १८५०च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांमधल्या स्त्रिया आणि किशोरवयीन कामगारांचं काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबवलं. त्यांच्याशिवाय गिरणी चालत नसल्यामुळे पुरुषही त्याच वेळी बाहेर पडू लागले. पुढच्या काही दशकांत ही अर्धी सुट्टी एकेका धंद्यात पसरत गेली. सोमवार गेला आणि त्याच्या बदल्यात शनिवारची दुपार आली. मालक, पाद्री आणि दारूबंदीवाले यांचा हिशेब असा होता, की मोकळा वेळ मिळालेला कामगार बायकामुलांत राहील, बागकाम करील, वाचनालयात जाईल. कामगाराने पगाराचं पाकीट घेतलं, घरी काही पैसे टेकवले, घोटभर बिअर घेतली आणि मैदानाची वाट धरली. दोनला सुटलेला माणूस हे सगळं उरकून पोचणार तो तीनला. इतका साधा हिशेब आहे.

फुटबॉलचे नियम खानगी शाळांतल्या श्रीमंत पोरांनी लिहिले हे खरं. पण ज्या गावांना शनिवारची दुपार आधी मिळाली, त्यांनी तो खेळ ताब्यात घेतला. १८८८ साली फुटबॉल लीग स्थापन झाली तेव्हा तिच्यात बारा क्लब होते. सहा लँकशरचे, सहा मिडलँड्सचे. लंडनचा एकही नव्हता. ब्लॅकबर्न, बर्नली, बोल्टन, प्रेस्टन ही नावं मुंबईच्या कापडबाजाराला फुटबॉलच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती, तीही वेगळ्या आणि फारशा प्रेमळ नसलेल्या कारणासाठी.

इथे मुंबईचा संबंध खराखुरा आहे. लँकशरच्या गिरणीमालकांना मुंबईची स्पर्धा बोचू लागली, तेव्हा तिथल्या मजुरांच्या हालांबद्दल त्यांना अचानक कळवळा आला आणि हिंदुस्थानातही कारखाना कायदा हवा असा दबाव त्यांनी आणला. १८८१चा कायदा झाला, पण मजुराच्या हाती त्यातून फारसं पडलं नाही. खरी लढाई नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढली. अर्ज, सभा, सह्या करत करत १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरण्यांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हाही युक्तिवाद त्यात होता. म्हणजे इंग्लंडच्या मजुराला शनिवारची दुपार मिळून चाळीस वर्षं झाल्यावर आपल्या मजुराला आठवड्यातला एक अख्खा दिवस मिळाला. त्याचं काय करायचं हे गिरणगावाने आपल्या पद्धतीने ठरवलं: तालीम, कबड्डी, भजनी मंडळ, गावाकडच्यांच्या गाठीभेटी. बाप आणि पोरगा दर आठवड्याला एका ठरलेल्या वेळी तिकीट काढून एका ठरलेल्या पायरीवर उभे राहताहेत, असा प्रघात मात्र आपल्याकडे पडला नाही. त्यामुळे इंग्रजी पुस्तकातला ‘शनिवार’ मराठीत नुसता ‘शनिवार’ म्हणून उतरवला, की त्यातलं निम्मं गळून जातं. आपल्याकडे शनिवार म्हणजे मारुतीचं तेल नाही तर उपास.

त्या शनिवारी बायका काय करत होत्या, हाही प्रश्न आहेच. कायद्याने सुटी मिळाली ती गिरणीतल्या कामातून. घरचं काम होतं तिथेच होतं. नवरा मैदानावर गेला की फरशा पुसून, रविवारचं जेवण मार्गी लावून, पोरांच्या आंघोळी उरकून बाईची ‘अर्धी सुट्टी’ संपायची. पहिल्या महायुद्धात बायका दारूगोळ्याच्या कारखान्यांत गेल्या आणि तिथे स्वतः फुटबॉल खेळू लागल्या. प्रेस्टनच्या डिक-कर कारखान्याच्या मुलींचा सामना १९२० साली नाताळच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर झाला. त्याला ५३,००० लोक आले होते. वर्षाच्या आतच, डिसेंबर १९२१मध्ये, फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांच्या मैदानांवर बायकांना खेळायला बंदी घातली. बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. शनिवारच्या दुपारची आठवण इंग्रजी वाङ्मयात बहुधा मुलगेच सांगतात, त्यामागे हाही इतिहास आहे.

मैदानावर न जाणाऱ्या बापाकडेही शनिवार यायचा. तो टपालाने यायचा. १९२३ साली जॉन मूर्स नावाच्या, तारायंत्राच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या तरुणाने दोन सहकाऱ्यांबरोबर ‘लिटलवुड्स’ हा धंदा सुरू केला. मालकाला कळलं तर नोकरी जाईल म्हणून स्वतःचं नाव टाळलं. मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाबाहेर ४,००० कुपनं वाटली. भरून परत आली ३५. मित्र कंटाळून बाहेर पडले, मूर्स चिकटून राहिला आणि देशातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक झाला. या ‘पूल्स’चा खेळ असा, की येत्या शनिवारच्या सामन्यांपैकी कोणते बरोबरीत सुटतील ते ओळखायचं, कुपनावर फुल्या मारायच्या, काही पेनी जोडून पाठवून द्यायचं. जुगार म्हणावा तर तितकासा नाही, कारण सगळं घरबसल्या, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, चष्मा लावून, शाळेचा गृहपाठ करावा तसं चालायचं. चर्चला जाणारे, पबात पाऊल न टाकणारे बापही ते भरत. नोकरीत बढती नाही, घर बदलायची ऐपत नाही, अशा माणसाला आठवड्यातून एकदा सुटकेचा अर्ज करायची ती सोय होती.

अर्जाचा निकाल रेडिओवर लागायचा. बीबीसीचा ‘स्पोर्ट्स रिपोर्ट’ ३ जानेवारी १९४८ रोजी सुरू झाला. त्याची बँडवरची धून वाजली, की घरात कुणी बोलायचं नाही. कपाला चमचा लावायचा नाही. बाप पेन्सिल घेऊन बसलेला. आधी इंग्लंडचे निकाल, मग स्कॉटलंडचे. कित्येक इंग्रज मुलं आर्ब्रोथ, फॉरफर, स्टेनहाउसम्यूर ही गावं नकाशाआधी या यादीतून शिकली. क्वीन ऑफ द साऊथ नावाचं गावच नाही, तो नुसता क्लब आहे, हे कळायला त्यांना मोठं व्हावं लागलं. १९७४पासून २०१३पर्यंत हे निकाल जेम्स अलेक्झांडर गॉर्डन यांनी वाचले. त्यांची खुबी अशी, की पहिल्या संघाचं नाव आणि गोल सांगून झाले, की दुसऱ्या संघाचं नाव ते ज्या सुरात घेत त्यावरूनच कळायचं, हा जिंकला की हरला की बरोबरी झाली. आकडा नंतर यायचा. अनुवादकाने ऐकून ठेवावी अशी चीज आहे. अर्थ शब्दाच्या आधी पोचतो. आपल्याकडे आकाशवाणीच्या बातम्यांत निधनाची बातमी निवेदकाच्या पहिल्याच श्वासावरून ओळखू यायची, तसं काहीसं.

आणि मग १९६३चा हिवाळा. त्या वर्षी इंग्लंड आठवड्यानुआठवडे गोठून पडलं. एफए कपची तिसरी फेरी संपायला दोन महिन्यांहून अधिक काळ लागला. सामने नाहीत म्हणजे निकाल नाहीत, निकाल नाहीत म्हणजे पूल्स नाहीत. पूल्सच्या कंपन्या रडकुंडीला आल्या. त्यावर जो तोडगा निघाला तो मला इंग्रज स्वभावाचा अर्क वाटतो. २६ जानेवारी १९६३ रोजी लंडनमध्ये बंद दाराआड एक समिती बसली. लॉर्ड ब्रॅबझन अध्यक्ष. टॉम फिनी, टॉमी लॉटन यांच्यासारखे माजी खेळाडू आणि एक माजी पंच सदस्य. न झालेल्या सामन्यांपैकी प्रत्येक सामना झाला असता तर त्यात काय झालं असतं, हे त्यांनी ठरवलं. ते निकाल जाहीर झाले आणि देशभरच्या बापांनी आपापल्या कुपनांवर ते निमूटपणे ताडून पाहिले. बर्फाखाली गाडलेल्या मैदानावर कुणी तरी हरलं, कुणी तरी जिंकलं. कुणालाही यात तर्कदोष दिसला नाही. ती समिती पुढेही टिकली.

सुटकेचा अर्ज मंजूर झाला तर काय व्हायचं याची नोंदही इतिहासात आहे. यॉर्कशरच्या कॅसलफर्डचा कोळसा खाणकामगार कीथ निकलसन आणि त्याची बायको विव्ह यांना १९६१ साली १,५२,३१९ पौंड मिळाले. पैसे उडवण्याबद्दलचं विव्हचं बोलणं वर्तमानपत्रांनी उचललं आणि पुढे त्यावर नाटकं-चित्रपट झाले. कीथ १९६५ साली मोटार अपघातात गेला. पैसे त्यानंतर फार दिवस पुरले नाहीत.

पावसाबद्दल थोडक्यात. मँचेस्टरला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या दोन कसोट्या, १८९० आणि १९३८च्या, एकही चेंडू न टाकता रद्द झाल्या. २००१ साली विम्बल्डनला टिम हेनमनचा गोरान इव्हानिसेव्हिचविरुद्धचा उपांत्य सामना पावसामुळे शुक्रवार, शनिवार, रविवार असा तीन दिवस चालला. शुक्रवारी हेनमन जिंकत होता, रविवारी हरला. पावसाने अडलेल्या क्रिकेट सामन्याचा न्याय करणारं गणित फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस या दोन इंग्रजांनीच शोधावं यात नवल नाही. इतर देशांत पाऊस पडतो. इंग्लंडात तो प्रतिस्पर्धी संघाकडून खेळतो.

पण सगळा वैताग आकाशातून येत नाही. विम्बल्डनचं एकेरीचं पुरुषांचं विजेतेपद १९३६नंतर थेट २०१३ साली अँडी मरेपर्यंत कुणा ब्रिटिश माणसाला मिळालं नाही, हे सगळे सांगतात. १९३६चा विजेता फ्रेड पेरी कोण होता, हे कमी लोक सांगतात. त्याचा बाप सॅम्युएल पेरी मूळचा स्टॉकपोर्टच्या सूतगिरणीतला, पुढे सहकारी चळवळीतला पुढारी आणि मजूर पक्षाच्या बाकांवरचा खासदार. पोराच्या टेनिसमागे हा बाप उभा राहिला, त्याला पैसा आणि वेळ पुरवला. १९३४ साली फ्रेडने जॅक क्रॉफर्डला हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. सामन्यानंतर तो आंघोळ करत असताना क्लबचा एक पदाधिकारी खोलीत येऊन क्रॉफर्डला सांगताना त्याने ऐकलं, की आज योग्य माणूस जिंकला नाही. विजेत्याला क्लबचा टाय समारंभाने देण्याचा रिवाज. पेरीचा टाय खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवला होता. ऑस्ट्रेलियन खेळाडू त्यांना आपला वाटला, आणि देशातल्या सूतगिरणीवाल्याचा पोरगा परका. तीन वर्षं सलग जिंकून पेरी व्यावसायिक झाला आणि अमेरिकेला गेला. त्याचा पुतळा विम्बल्डनला उभा राहिला तो १९८४ साली.

ही अशी अपमानाची पुटं आठवडाभर चढत असतात. कारखान्यात फोरमन, दुकानात गिऱ्हाईक, कचेरीत साहेब. माणूस ‘येस सर’ म्हणतो. शनिवारी तीन ते पावणेपाच त्याला पंचाला हवं ते बोलायची मुभा असते. त्यानंतर तो घरी जातो. ॲलन सिलिटो या नॉटिंगहॅमच्या लेखकाची ‘द मॅच’ नावाची एक छोटी गोष्ट आहे, १९५९च्या संग्रहातली. धुक्याने भरलेल्या दुपारी गावचा संघ हरतो. लेनक्स नावाचा माणूस शेजारी राहणाऱ्या, नुकतंच लग्न झालेल्या मित्राबरोबर पायी घरी येतो. चहाच्या टेबलावर काही तरी खुसपट निघतं, भांडण वाढतं आणि बायको मुलांना घेऊन कायमची निघून जाते. भिंतीपलीकडे तो नवा संसार हे सगळं ऐकत असतो. गोष्ट इतकीच. पहिल्यांदा वाचताना ती मला जरा ठोकळेबाज वाटते असं अनेकांनी म्हटलं आहे. वाङ्मयीन दृष्टीने त्यात तथ्य असेल. मात्र २०१४ साली लँकॅस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी लँकशर पोलिसांच्या नोंदी तपासल्या. २००२, २००६ आणि २०१०च्या विश्वचषकांत ज्या दिवशी इंग्लंड जिंकलं किंवा बरोबरी झाली, त्या दिवशी घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी २६ टक्क्यांनी वाढलेल्या होत्या. हरलं त्या दिवशी ३८ टक्क्यांनी. सिलिटोने ते कुठल्याही आकडेवारीशिवाय पंचावन्न वर्षं आधी लिहून ठेवलं होतं. आणि जिंकल्यावरही तक्रारी वाढतात, ही गोष्ट तर पराभवाच्या वैतागाच्या हिशेबात बसतच नाही.

मैदानांकडे परत येऊ. उभं राहून सामना पाहायच्या पायऱ्या हे इंग्रज बापाचं आणि पोराचं खरं एकत्र घर होतं. लहान मुलाला समोरचं दिसत नसे, म्हणून गर्दी त्याला डोक्यांवरून हातोहात खाली पुढच्या कठड्यापर्यंत पोचवायची. सामना संपल्यावर बाप त्याला तिथून घ्यायचा. एरवी मुलाच्या खांद्यावर हात न टाकणारी माणसं दुसऱ्यांची मुलं अशी झेलत. एल. एस. लौरी यांच्या १९५३च्या ‘गोइंग टू द मॅच’ या प्रसिद्ध चित्रात काड्यांसारखी माणसं वाऱ्यात वाकून मैदानाकडे निघाली आहेत. ते बोल्टनचं बर्न्डन पार्क. २०२२ साली सॅलफर्डच्या लौरी कलादालनाने ते ७८ लाख पौंडांना घेतलं.

चित्र काढलं त्याच्या सात वर्षं आधी, ९ मार्च १९४६ रोजी, त्याच मैदानावर ३३ माणसं चेंगरून मेली. युद्ध नुकतंच संपलं होतं, बोल्टनविरुद्ध स्टोकचा कपचा सामना होता, स्टोककडून स्टॅनली मॅथ्यूज खेळणार होता. अंदाजे ८५,००० लोक आले. फाटकं बंद झाली तरी लोक येतच राहिले. आत एका बापाला वाटलं, गर्दी फार झाली, पोराला घेऊन बाहेर पडावं. बाहेर जाण्याचं फाटक कुलूपबंद होतं. त्याने कुलूप काढलं आणि फाटक उघडलं. त्याला बाहेर पडायचं होतं. बाहेरचे आत घुसले. चेंगराचेंगरीची कारणं अनेक होती, गर्दी मोजायची कसलीही पद्धत नव्हती, हे चौकशीत निघालं. तरी मला तो बाप सोडत नाही. त्याने जे केलं ते कुठल्याही बापाने केलं असतं. प्रेतं मैदानाच्या कडेला कोटांनी झाकून ठेवली, कडेची रेघ भुशाने जरा आत आखली आणि खेळ पुन्हा सुरू झाला. निकाल ०–०.

त्यानंतर ग्लासगोचं आयब्रॉक्स, १९७१, मृत ६६. ब्रॅडफर्डची आग, १९८५, मृत ५६. आणि १५ एप्रिल १९८९, शेफील्डचं हिल्सबरो, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. तोवर दंगेखोर प्रेक्षकांना आवर घालायला मैदानांभोवती उंच जाळ्या लागल्या होत्या; मुलांना हातोहात पुढे पोचवायचा कठडा आता पिंजरा झाला होता. पोलिसांनी बाहेरची गर्दी कमी करायला एक मोठं फाटक उघडलं आणि माणसं आधीच भरलेल्या मधल्या पिंजऱ्यांत शिरली. सामना तीनला सुरू झाला, तीन वाजून सहा मिनिटांनी थांबवला गेला. मृतांचा आकडा पुढे ९७ झाला. सर्वांत लहान दहा वर्षांचा होता. एका बापाच्या दोन मुली त्यात गेल्या. तो बाजूच्या पायऱ्यांवर उभा होता, मुली मधल्या पिंजऱ्यात. काही तरी भयंकर घडतंय हे त्याला समोर दिसत होतं.

पोलिसांनी दोष प्रेक्षकांच्या दारूवर ढकलला. एका मोठ्या खपाच्या वर्तमानपत्राने ते पहिल्या पानावर सत्य म्हणून छापलं. मृत्यूंच्या पहिल्या न्यायालयीन चौकशीत अधिकाऱ्याने ठरवलं, की तीन वाजून पंधरा मिनिटांनंतर काय घडलं ते पाहायची गरज नाही, कारण तोवर सगळ्यांना प्राणघातक इजा झालेली होती. म्हणजे सव्वातीननंतर कुणाला प्राणवायू मिळाला असता, रुग्णवाहिका आत आली असती तर काय झालं असतं, हा प्रश्नच विचारायचा नाही. न झालेल्या सामन्यांचे निकाल ठरवणाऱ्या देशात हा प्रश्न गैरलागू ठरला. १९९१ साली निकाल आला: अपघाती मृत्यू. कुटुंबं मागे हटली नाहीत. २०१२ साली स्वतंत्र मंडळाने कागदपत्रं उघडली तेव्हा पोलिसांचे १६४ जबाब लक्षणीयरीत्या बदललेले निघाले. २६ एप्रिल २०१६ रोजी नव्या चौकशीतल्या ज्यूरीने सांगितलं, की ही माणसं बेकायदा कृत्याने मारली गेली. २७ वर्षं. तोपर्यंत काही आईबाप उरले नव्हते. इंग्रज माणूस रांगेत निमूट उभा राहतो असं आपण कौतुकाने म्हणतो, तेव्हा ही रांगही मोजायला हवी.

हिल्सबरोनंतर लॉर्ड न्यायमूर्ती टेलर यांच्या शिफारशीवरून मोठ्या क्लबांच्या पायऱ्या गेल्या, खुर्च्या आल्या. १९९२ साली प्रीमियर लीग सुरू झाली. त्याच वर्षी निक हॉर्नबीचं ‘फीवर पिच’ आलं. हॉर्नबीचे आईवडील विभक्त झालेले. १९६८ साली वडील त्याला पहिल्यांदा आर्सेनलच्या सामन्याला नेतात, कारण आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलाबरोबर काय करायचं हे त्यांना सुचत नसतं. मुलाला तिथे खेळापेक्षा एक वेगळीच गोष्ट जाणवते. भोवतालच्या माणसांना इथे येणं मनापासून नकोसं आहे. ते पैसे मोजून आले आहेत आणि सामनाभर कातावलेले आहेत. मजूर बापाची शनिवारची दुपार आता घटस्फोटित बापाची झाली होती. बोलायला विषय पुरवणारी तीच एक जागा.

आपल्या माणसांना ती जागा बराच काळ मिळाली नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत मैदानांबाहेर नॅशनल फ्रंटची पत्रकं विकली जात. साउथॉलच्या किंवा लेस्टरच्या बापाने पोराला त्या पायऱ्यांवर नेणं धाडसाचं होतं. त्यांचा शनिवार क्रिकेटच्या मैदानावर गेला. २४ ऑगस्ट १९७१ रोजी ओव्हलवर वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमधली पहिली मालिका जिंकली, तो गणेश चतुर्थीचा दिवस होता आणि चाहत्यांनी चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण मैदानावर आणली होती. चंद्रशेखरच्या सहा बळींइतकीच ती अनेकांच्या लक्षात आहे. पुढे १९९० साली नॉर्मन टेबिट यांनी विचारलं, की ही माणसं टाळ्या कुणासाठी वाजवतात. मँचेस्टरचा इंग्रज बाप स्वतःच्या संघाला शिव्या घालत मोठा झाला होता, त्याला हा प्रश्न कुणी कधी विचारला नाही.

शनिवारी दुपारी तीनची वेळ अजून आहे, पण बहुतेक मोठे सामने तिथून हलले. दूरचित्रवाणीला सोयीचे असतील तेव्हा होतात. जे उरले त्यांना एक जुना नियम लागू आहे. बर्नलीचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांच्या आग्रहातून साठच्या दशकात रुजलेला हा नियम सांगतो, की शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये कोणताही सामना थेट दाखवायचा नाही; नाही तर लोक घरी बसतील आणि लहान क्लबांच्या पायऱ्या ओस पडतील. हा नियम समुद्रापलीकडे लागू होत नाही. त्यामुळे हिवाळ्यातल्या शनिवारी रात्री साडेआठला नागपूरचा किंवा कोचीचा बाप जेवणाचं ताट घेऊन पोराशेजारी बसून जो सामना थेट पाहतो, तोच सामना बर्नलीतल्या बापाला, मैदानाचं तिकीट परवडलं नाही तर, रेडिओवर ऐकावा लागतो.